मोहाच्या मुलखातील वऱ्हाड : वाटेचे शब्द आणि आबकारीचे राज्य

१

लग्नास जाणाऱ्या पाहुण्यास तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. वाट कोणती, उतरावयाचे कोठे, आणि यजमान जे पुढे करील त्याचा स्वीकार कसा करावयाचा. ह्यांपैकी एकीतही चूक झाली तर दोन कुटुंबांतील संबंधास पहिल्याच दिवशी गालबोट लागते. म्हणून ज्या समाजात सोयरिकी दूरदूरच्या गावी होतात, त्या समाजाजवळ पाहुण्यांसाठी काही ना काही मार्गदर्शिका असतेच. ती छापील असावी असा मात्र नियम नाही.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात हिंडणाऱ्या युरोपीय प्रवाशांसाठी छापील मार्गदर्शिका निघू लागल्या. लंडनच्या जॉन मरे ह्या प्रकाशनसंस्थेने १८५९ मध्ये मद्रास व मुंबई इलाख्यांसाठी असे पुस्तक प्रसिद्ध केले. परक्या साहेबाने कोणत्या मार्गाने जावे, मुक्काम कोठे करावा, काय पाहावे, हे त्यात सांगितलेले असे. वैनगंगेच्या खोऱ्यात करडीसारख्या गावी वैशाखात लग्नास निघालेल्या वऱ्हाडी मंडळींसाठी मात्र कोणी पुस्तक लिहिले नाही. त्यांची मार्गदर्शिका त्यांच्या बोलीत होती. प्रस्तुत लेखात ह्या अलिखित मार्गदर्शिकेची काही पाने वाचण्याचा यत्न केला आहे. ज्या काळात ह्या मुलखावर इंग्रजी अंमल आला आणि यजमानाच्या घरच्या मोहाच्या दारूवर सरकारी हक्क सांगितला गेला, तो काळ येथे मुख्यतः विचारात घेतला आहे.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. वसाहती राज्याने ह्या प्रदेशाविषयी विपुल लेखन केले; परंतु त्या लेखनात पाहुणचार हा एक तर महसुलाच्या रकान्यात येतो, नाही तर गुन्ह्याच्या. पाहुणा आणि यजमान ह्यांच्या बाजूने त्याच व्यवहाराचा इतिहास पाहावयाचा असेल, तर लग्नप्रवासाचे शब्द हेच आपले प्रमुख साधन ठरते.

२

प्रथम ‘वऱ्हाड’ हा शब्दच घेऊ. मराठीत त्याचे दोन अर्थ रूढ आहेत : लग्नास जाणारा समुदाय आणि विदर्भाचा पश्चिम भाग. एका शब्दाचे हे दोन अर्थ लोकांना स्वस्थ बसू देणारे नव्हते. त्यातून रुक्मिणीच्या विवाहाची कथा प्रदेशनामाशी जोडली गेली. वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. तेथे जमलेली वऱ्हाडी मंडळी ह्याच भूमीत राहिली, म्हणून तिचे नाव वऱ्हाड, अशी ही व्युत्पत्ती आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त मात्र निराळेच सांगितले आहे. त्याच्या मते मूळ नाव ‘वरदातट’, म्हणजे वरदा अथवा वर्धा नदीचा काठ.

लोकव्युत्पत्तीचे खंडन करून अभ्यासक तेथेच थांबतो, असे पुष्कळदा घडते. वस्तुतः तिचा उपयोग त्यानंतरच सुरू होतो. अशी व्युत्पत्ती शब्दाच्या जन्माविषयी विश्वसनीय नसली, तरी ती रचणाऱ्यांच्या मनाविषयी विश्वसनीय असते. ‘भंडारा’ ह्या नावाचेच पाहा. ते ऐकताच ‘भांडार’ आठवते. परंतु रतनपूरचा कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव ह्याच्या बाराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात वैरागर व लांजिका ह्यांच्या जोडीने ‘भाणार’ हे नाव येते. भांडाराची कल्पना नंतरची आहे. तथापि भाताचे कोठार असलेल्या प्रदेशास ती साजावी ह्यात नवल नाही. त्याचप्रमाणे वऱ्हाडाच्या कथेवरून एक गोष्ट स्पष्ट होते. लग्नाचा प्रवास हा एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यापुरता नसून, त्यातून माणसे नव्या भूमीत रुजतात, असा येथील लोकांचा अनुभव होता.

ह्या प्रवासाचा दुसरा शब्द ‘वरात’. तो संस्कृत ‘वरयात्रा’ ह्यापासून आला. हिंदी ‘बरात’ त्याचाच भाऊ. शब्दातच यात्रा वराची आहे. उच्चवर्णीय व बहुसंख्य कृषक जातींत हे वस्तुस्थितीस धरून होते. भंडारा जिल्हा मात्र गोंडांचाही प्रदेश आहे. रसेल आणि हिरालाल ह्यांनी १९१६ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात अशी नोंद आहे की, गोंडांच्या विवाहात समुदाय बहुधा वधूच्या घरून निघतो व लग्न वराच्या घरी लागते. ह्या रीतीचे मूळ त्यांनी प्राचीन अपहरणविवाहात शोधले. तो तर्क त्या काळच्या मानववंशशास्त्राच्या धाटणीचा आहे. आज तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. नोंद मात्र महत्त्वाची आहे. येथे यात्रा वधूची असल्यामुळे ‘वरात’ हा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने गैरलागू होतो. ‘वऱ्हाड’ ह्या शब्दाच्या रूढ अर्थात मात्र दिशेचा आग्रह नाही. तो कोणत्याही बाजूच्या पाहुण्यांस चालतो. झाडीच्या मुलखात, जेथे एकाच आठवड्यात एखाद्या कुणब्याच्या आणि एखाद्या गोंडाच्या लग्नास जाण्याचा प्रसंग येऊ शकतो, तेथे अशा शब्दाची सोय उघड आहे.

३

आता वाटेकडे वळू. भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. धान घरात येते कार्तिक-मार्गशीर्षात. चातुर्मासात लग्ने नसतात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त उघडतात, आणि शेतकऱ्याच्या सोयीने बहुतेक लग्ने उन्हाळ्यात येतात. शेतीची कामे तेव्हा थांबलेली असतात, गाडीवाटा कोरड्या असतात, आणि नदीचे पात्र उतरलेले असते. भंडारा किंवा मोहाडीकडून करडी परिसरात येणाऱ्यास वैनगंगा ओलांडावी लागते. पूल नव्हते त्या काळी श्रावणात हा प्रवास धाडसाचा आणि वैशाखात तो बैलगाडीचा. म्हणजे पंचांगातील मुहूर्त आणि नदीतील उतार ह्यांचा मेळ बसलेला होता. पाहुण्यास मार्गदर्शन करणारे पहिले पान पंचांगाचे होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

ह्याच ऋतूशी मोहाचे झाड जोडलेले आहे. फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. फुले रात्री व पहाटे गळतात. ऊन चढण्यापूर्वी बायकामुले ती वेचतात आणि अंगणात वाळत घालतात. वाळलेले फूल वर्षभर टिकते. ते खाल्ले जाते, गुरांना घातले जाते, आणि आंबवून त्याची दारू गाळली जाते. पुढे फळे येतात. त्यांच्या बियांचे तेल निघते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळून निघाला. असल्या वर्षांत रानातील गरिबांचा आधार जी झाडे होती, त्यांत मोह अग्रभागी होता. मोहफुलांचा हंगाम संपतो तोच लग्नसराई भरात येते. यजमानाच्या घरी मोहाचा साठा असण्याची आणि दारी पाहुणा येण्याची वेळ अशा रीतीने एकच होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाट पालटली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली. नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारा अरुंद मापाचा लोहमार्ग १८८० नंतरच्या काही वर्षांत पुरा झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो आपल्याकडे घेऊन रुंद केला, आणि १८९१ मध्ये नागपूर-आसनसोल मार्ग सुरू झाला. लोहमार्गाचा उद्देश धान्य व खनिजे वाहून नेण्याचा होता. तथापि वऱ्हाडी मंडळींनी तो तत्काळ आपलासा केला. नागपूरची किंवा रायपूरकडची मुलगी वैनगंगेच्या काठी देणे पूर्वीइतके दूरचे राहिले नाही. मात्र गाडीतून उतरल्यावर पुढची वाट जुनीच. भंडारा शहराचे स्थानक वरठी येथे, शहरापासून कित्येक मैल दूर. तुमसर रोड हे नावच सांगते की गाव अजून पुढे आहे. स्थानकावर दमणी किंवा रेंगी घेऊन कोणी तरी उभे असणे हा यजमानाच्या मानाचा प्रश्न बनला. पूर्वी आमंत्रण अक्षता व सुपारी देऊन तोंडी होत असे, आणि वाट सांगणारा माणूस तोच असे. छापील पत्रिका आल्यावर वाटेची माहिती कागदावर आली. वाटाड्या मात्र आमंत्रणापासून निराळा झाला.

४

गावाच्या शिवेवर पोहोचलेल्या पाहुण्यांसाठी मराठीत दोन शब्द विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला ‘सीमांतपूजन’. वर गावच्या सीमेशी आला की वधूपित्याने तेथे जाऊन त्याचे पूजन करावे, हा मूळ विधी. पुढे तो मांडवात किंवा देवळात होऊ लागला, सीमा दृष्टीआड झाली, आणि लोकांच्या तोंडी शब्दाचे ‘श्रीमंतपूजन’ झाले. ध्वनिसाम्य हे ह्या बदलाचे निमित्त आहे, कारण नव्हे. सीमेवर स्वागत होते तोपर्यंत ‘सीमांत’ हा शब्द पारदर्शक होता. विधी शिवेवरून उठल्यावर त्याला नवा आधार शोधावा लागला, आणि वराकडील मंडळींचा वरचढपणा हा आधार समाजाजवळ तयारच होता. वाटेचा शब्द प्रतिष्ठेचा शब्द झाला. एका अक्षराच्या फरकात विवाहसंस्थेतील एवढे स्थित्यंतर नोंदले जावे, हे भाषेच्या इतिहासाचे सामर्थ्य होय.

दुसरा शब्द ‘जानवसा’ किंवा ‘जानोसा’. वराकडील मंडळी जेथे उतरतात ती जागा. संस्कृतात ‘जन्य’ म्हणजे वराचे सोबती. त्यापासून गुजरातीत ‘जान’ हा वरातवाचक शब्द झाला, हिंदीत ‘जनवासा’ आणि मराठीत ‘जानवसा’. मराठीने ‘जान’ हा समुदायवाचक शब्द मागे टाकला, पण त्याचे निवासस्थान जपून ठेवले. म्हणजे पाहुण्यांचे जुने नाव गेले, परंतु त्यांची खोली राहिली. ‘पाहुणा’ हा शब्दही असाच जुना. संस्कृत ‘प्राघुण’, प्राकृत ‘पाहुण’, असा त्याचा प्रवास आहे. जानवसा बहुधा गावातील एखाद्या मोठ्या घरी असे. तेथे काय पोहोचवावयाचे, कोणी प्रथम जावयाचे, परतीच्या वेळी काय द्यावयाचे, ह्याचे संकेत ठरलेले असत. ते मोडले की रुसवेफुगवे. शब्द जानवसा ऐकताच पाहुण्यास आपली जागा आणि आपले वर्तन दोन्ही कळत. छापील मार्गदर्शिकेत ह्यासाठी एक प्रकरण खर्ची पडले असते.

५

येथवर वाट आणि मुक्काम झाला. तिसरा प्रश्न स्वीकाराचा, आणि मोहाच्या मुलखात तो सर्वांत नाजूक.

ह्या भागातील प्रत्येक लग्नात दारू असे, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. महानुभाव, कबीरपंथी, वारकरी ह्यांच्या घरी ती वर्ज्य होती. गोंडांत आणि इतर कित्येक जातींत मात्र सोयरीक जुळविण्यापासून पाहुण्यांची पाठवणी करण्यापर्यंत तिला मानाचे स्थान होते. रसेल-हिरालाल ह्यांच्या ग्रंथात कलारांवरील लेखात मद्याच्या पावित्र्याची दीर्घ चर्चा आली आहे, ती ह्याच संदर्भात. देवास दिल्याखेरीज आणि वडीलधाऱ्यांपुढे केल्याखेरीज ती घ्यावयाची नाही. म्हणून पाहुण्याला आधी हे ओळखावे लागे की, आपण कोणाच्या दारी आहोत. एका घरी ती पुढे करणे हा अपमान, तर दुसऱ्या घरी ती नाकारणे हा अपमान.

शब्द येथेही उद्बोधक आहेत. मोहाचे संस्कृत नाव ‘मधूक’. त्यात माधुर्य आहे. गोंडीतील मोहाचे नाव तमिळ ‘इलुप्पै’च्या कुळातील असून ते संस्कृताच्या ऋणातून मुक्त आहे, झाडाशी गोंडांचा परिचय स्वतंत्र आणि पुरातन असल्याची ही साक्ष. दारू गाळून विकणारा तो ‘कलार’ किंवा ‘कलाल’, मूळ ‘कल्यपाल’. ‘दारू’ हा शब्द फारसी; तेथे त्याचा अर्थ औषध. मराठीत तो मद्य आणि बंदुकीची दारू अशा दोन्ही अर्थांनी स्थिरावला. ‘आबकारी’ हाही फारसीच, पण तो दरबाराचा शब्द. घरातली वस्तू संस्कृत, गोंडी वा रुळलेल्या फारसी नावाने ओळखली जाते, आणि तिच्यावरील कर राज्यकर्त्यांच्या शब्दाने. कोणता शब्द कोणाच्या तोंडी होता, हे पाहिले की सत्तेचा ओघ दिसतो.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य तिसऱ्या रघूजीच्या १८५३ मधील मृत्यूनंतर खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली. आबकारी हे नव्या राज्याचे महत्त्वाचे उत्पन्न ठरले. १८८१ चा बाविसावा आणि १८९६ चा बारावा हे अबकारी अधिनियम, १९०५-०६ ची अखिल भारतीय चौकशी समिती आणि १९१५ चा मध्यप्रांताचा स्वतंत्र अबकारी अधिनियम, असा ह्या कायद्यांचा क्रम आहे. आरंभी ठेकेदाराने ठरावीक रक्कम भरून आपल्या भट्टीवर दारू गाळावी, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. पुढे मद्यार्काच्या तीव्रतेनुसार कर आकारता यावा म्हणून ती मध्यवर्ती भट्टीत गाळून परवानाधारक दुकानांस पुरविण्याकडे कल वाढला. मुंबई इलाख्यात तर १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावरच निर्बंध आले. फूल अन्न आहे की दारूचा कच्चा माल, ह्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने देऊन टाकले. ते वेचणाऱ्या बाईस कोणी विचारले नाही.

लग्नघरावर ह्याचा परिणाम दुहेरी झाला. अंगणातील फुलांपासून जो मान पाहुण्यास दिला जाई, तो आता दुकानातून रोख पैशाने आणावा लागला. लग्नाचा खर्च वाढला, आणि धान निघेपर्यंत हाती रोकड नसलेल्या घरास तो सावकाराच्या दारी घेऊन गेला. ज्याने घरीच गाळली तो गुन्हेगार ठरला. आणि त्याच्या घरचा पेला स्वीकारणारा पाहुणाही नकळत गुन्ह्याच्या छायेत आला. येथे एक भ्रम टाळला पाहिजे. सरकार लोकांस व्यसनापासून वाचवीत होते, असे ह्या धोरणावरून म्हणता येत नाही. विक्रीचा हक्क लिलावाने देणाऱ्यास विक्री कमी व्हावी असे वाटण्याचे कारण नव्हते. उलट, दारूने संसार मोडले नाहीत असेही म्हणता येणार नाही. मक्ता आणि मान ह्या दोहोंच्या कात्रीत जी माणसे सापडली, त्यांत घरातील स्त्रिया सर्वांत आधी होत्या.

६

ह्या स्थित्यंतराची नोंद कोठे सापडते? चार्ल्स ग्रँटचे मध्यप्रांताचे गॅझेटियर १८७० चे. भंडारा जिल्ह्याचे रसेलचे गॅझेटियर १९०८ चे. दोन्ही ग्रंथ परिश्रमाचे आहेत आणि त्यांच्याखेरीज आपले पाऊल पुढे पडत नाही. परंतु ती जिल्हाधिकाऱ्याची मार्गदर्शिका आहे. रस्ता, तलाव, जात, महसूल ह्या क्रमाने ती चालते. लग्न जातीच्या प्रकरणात येते आणि दारू आबकारीच्या. एकाच मांडवाखालच्या ह्या दोन गोष्टी ग्रंथात एकमेकींस क्वचितच भेटतात.

ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात मराठीच्या नागपुरी आदी बोलींचे नमुने आहेत. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा खंड अपरिहार्य आहे. मात्र तुलनेच्या सोयीसाठी सर्वत्र एकच कथा भाषांतरित करून घेतली गेली : बायबलातील उधळ्या पुत्राची. त्या कथेत दूरचा प्रवास आहे, परत आलेल्याचे स्वागत आहे, मेजवानीही आहे. पण जानवसा नाही, सीमांतपूजन नाही, मोह नाही. व्याकरण टिपण्यास तो नमुना पुरेसा होता. पाहुणचाराचा शब्दसंग्रह त्याच्या जाळ्यातून निसटला. पुढे झाडीबोलीच्या अभ्यासकांनी, विशेषतः डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांनी, ह्या बोलीकडे तिच्या स्वतःच्या जीवनव्यवहारातून पाहण्याची वाट घालून दिली. ती वाट लग्नप्रवासापर्यंत नेण्याचे काम शिल्लक आहे.

७

विसाव्या शतकात मद्याविषयीचा विरोध राज्याबाहेरूनही उभा राहिला. १९२१ मध्ये नागपुरात दारूच्या दुकानांच्या लिलावांविरुद्ध चळवळ झाली. १९३८ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात मध्यप्रांत व वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास झालेल्या धम्मदीक्षेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांस ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्यत्यागाचीही आहे. ही शेवटची घटना आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. आबकारीने पेला महाग केला, कायद्याने तो चोरटा केला, तर ह्या प्रतिज्ञेने पाहुण्याचा मान पेल्यापासून वेगळा केला. नव्या बौद्ध विवाहविधीत वराच्या श्रेष्ठत्वाचे पूजनही राहिले नाही. त्या मांडवात ‘श्रीमंतपूजन’ हा शब्द निरर्थक झाला, आणि वाटेवरून प्रतिष्ठेकडे गेलेल्या त्या शब्दाचा प्रवास तेथे संपला.

‘वऱ्हाड’ मात्र टिकले आहे. लक्ष्मण देशपांडे ह्यांचा ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग १९७९ पासून मराठी प्रेक्षकांनी उचलून धरला. त्यातील विनोदाचे मूळ हेच आहे की, वाट पाहिजे तितकी लांबली तरी वऱ्हाडी मंडळी आपली अलिखित मार्गदर्शिका बरोबर घेऊन निघतात आणि परक्या दारी ती उघडून बसतात.

ह्या मार्गदर्शिकेची पाने आता झपाट्याने गळत आहेत. मंगल कार्यालयात जानवसा म्हणजे क्रमांक घातलेली खोली. शिवेपर्यंत कोणी सामोरे जात नाही. वाट यंत्र सांगते. ह्यात हळहळण्यासारखे सर्वच आहे असे नाही. परंतु करडी, मोहाडी, तुमसर ह्या परिसरांतील वृद्ध स्त्री-पुरुषांच्या तोंडी गाडीचे, उतारांचे, जानवशाचे, मोहाचे आणि रुसव्याचे जे शब्द आहेत, ते त्यांच्या प्रसंगांसह टिपून घेण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतले पाहिजे. अभिलेखागारात लिलावाच्या रकमा मिळतील, खटल्यांचे निकाल मिळतील. त्या खटल्यातील आरोपी आपल्या घरच्या लग्नात पाहुण्यास पेला देत होता, आणि तो न देता तर यजमान म्हणून उणा ठरता, ही गोष्ट त्या कागदांवर कोणी लिहिलेली नाही.